लॉनमधली कमळदेवी

साकोली रोडवर भुपेंद्रचं लग्नाचं लॉन होतं. चातुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे त्यातला एसी हॉल कुलूप लावून पडून असायचा. तो हॉल त्याच्या मामेबहिणीने, कामिनीने, प्रदर्शनासाठी मागितला. कामिनी मूळची वरठीची. पण पुण्याला चित्रकला शिकून आली तेव्हापासून ती झाडाला झाड म्हणत नव्हती, 'सहजीव' म्हणायची.

भिंतींवर, छतावर, जमिनीवर प्रोजेक्टरने फुलंच फुलं सोडायची. माणसाने त्यात उभं राहायचं आणि निसर्गाशी आपण कसे वागलो याचा विचार करायचा, असा तिचा बेत होता. विचाराचं भुपेंद्रला फारसं काही नव्हतं. पण निमंत्रणपत्रिकेवर त्याच्या नावापुढे 'निसर्गप्रेमी उद्योजक' छापलेलं होतं, त्यावर तो खूश होता. सामानाचा ट्रक आत वळेना, म्हणून त्याने फाटकाजवळचा बहरलेला पारिजात तोडून टाकला. कामिनीने दुःखाने डोळे मिटून घेतले. ट्रक आत आल्यावर उघडले.

उद्घाटन झालं. भंडाऱ्याहून साहेब लोक आले, प्राध्यापक आले. गालावर गुलाब पडेल अशा बेताने उभं राहून त्यांनी फोटो काढले. शेवटी समोरच्या भिंतीवर एक प्रचंड कमळ उमलायचं आणि कामिनीचा रेकॉर्ड केलेला, भरल्या गळ्याचा आवाज विचारायचा, "माणसा, तू मला का तोडलंस?" तो प्रश्न ऐकला, फोटो काढून झाले. सगळे नाश्त्याकडे गेले. कामिनीही दुसऱ्या कार्यक्रमासाठी पुण्याला निघून गेली.

मग एकोडीच्या बचत गटाच्या बाया आल्या. त्यांची अध्यक्ष चंद्रभागाबाई; शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली तर धानाच्या चौथ्या बांधीतला बैल थांबावा असा आवाज. तिने दारातच चप्पल काढली. कमळ उमललं, प्रश्न आला.

"काहून म्हणजे? देवाले पायजे होते म्हून तोडलो!" चंद्रभागाबाई मोठ्याने म्हणाली. मग चपापली. "अवं बाई, हे देवी तर रुसली. साऱ्या देवायले फुलं देल्ले, इलेच नाही देल्ले. थांब माय, उद्याच आणतो."

दुसऱ्या दिवशी त्या टोपल्या घेऊनच आल्या. गावतलावातलं एक कमळ त्यांनी शिल्लक ठेवलं नव्हतं.

"बाई, हे देवी नोहे, मशीन आहे!" भुपेंद्र ओरडला.

"मशीन अशी रडून बोलते काय?" चंद्रभागाबाईने विचारलं.

बातमी फिरली. एकोडी पुढे जाते म्हटल्यावर बाकीची गावं कशाला मागे राहतील? तलाव रिकामे झाले, कुंपणांवरची जास्वंद गेली, लॉनमधली भुपेंद्रची शेवंतीही गेली. तेव्हा मात्र तो चिडला. पण त्याची बायको मेघा व्यवहारी होती. तिने फाटकाशी नारळाचं दुकान लावलं, आणि त्याचा राग दोन दिवसांत भक्तीत बदलला. 'कमळदेवी दर्शन' असा फ्लेक्स त्यानेच लावला.

कामिनी परतली तेव्हा हॉलमध्ये गुडघाभर फुलं कुजत होती आणि प्रोजेक्टरला हळद-कुंकू वाहिलेलं होतं. ती किंचाळली, आणि पुणं क्षणात गळून पडलं. "कोनं तोडले हे फुलं? तुमाले काही समजते का नाही जी?"

बायांनी भिंतीवरच्या कमळाकडे पाहिलं, मग कामिनीकडे.

"आवाज तोच हाय," चंद्रभागाबाई हळूच म्हणाली आणि कामिनीच्या पायाशी वाकली.

"अहो, हे काय..." कामिनी मागे सरली. तोवर दुसरी वाकली, तिसरी वाकली, कोणीतरी तिची ओटीही भरली. आता ही सगळ्यांना हाकलून देणार, असं भुपेंद्रला वाटलं. पण पुण्यात तिच्या प्रदर्शनाला आलेली माणसं चहा संपला की उठायची. इथे माणसं हलत नव्हती. संध्याकाळपर्यंत कामिनी मान तिरकी करून आशीर्वाद द्यायला शिकली. "हा प्रेक्षकांचा कलाकृतीतला सहभाग आहे," तिने भुपेंद्रला समजावलं.

तुळशीचं लग्न झालं आणि भुपेंद्र भानावर आला. तुमसरच्या राइस मिलवाल्या हेमराजने मुलीच्या लग्नासाठी हॉल केव्हाचा बुक केला होता. भुपेंद्र प्रोजेक्टर काढायला गेला, तर दारात बाया ठाण मांडून बसलेल्या.

"देवी उठत नस्ते. लगन बाहेर लावा," चंद्रभागाबाईने सांगून टाकलं.

हेमराजने भुपेंद्रची गचांडी धरली. पण हेमराजच्याच बायकोने आत डोकावून हात जोडले, तेव्हा त्याचाही नाइलाज झाला. मांडव पार्किंगमध्ये पडला, हायवेच्या धुळीत. वऱ्हाडी आधी दर्शनाच्या रांगेत लागले. नवरीच्या आजीला रिकाम्या हाताने आत जाणं बरं वाटेना. तिने वरमालांचा खोकाच उचलून देवीपुढे ठेवला.

मुहूर्त तोंडावर आला आणि वरमाला नाहीत! भुपेंद्रने गाडी काढली. साकोलीचा फुलवाला म्हणाला, "लॉनवाल्या बायाईनं टोपलं बी नाही ठेवलं, भाऊ." पुढच्या दोन गावांत झेंडूचं बोंडही सापडलं नाही. शेवटी ढाब्याशेजारी ट्रकचं सामान विकणारं एक दुकान उघडं दिसलं.

मंगलाष्टकं संपली. ट्रकच्या कपाळाला बांधतात तसल्या चमचमत्या प्लॅस्टिकच्या माळा नवरा-नवरीने एकमेकांच्या गळ्यात घातल्या, आणि भुपेंद्रने सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.