साठ पाखरांचं तळं

होय, मी जुनी आहे. बुडाला दोन ठिगळं आहेत, एक कडी तुटली आहे. पण मला भंगार म्हणाल तर मित्रांनो, याद राखा! मी गुळाची काहील आहे. चार माणसं ऐसपैस बसतील एवढी मोठी लोखंडी कढई म्हणा ना. कागलजवळच्या एका गावात, चिमणाबाईंच्या गुऱ्हाळावर मी वर्षानुवर्षं उसाचा रस उकळला. गूळ काढून रिकामी झाले की चिमणाबाई माझ्या काठावर उलथनं हाणायच्या आणि पार वेशीपर्यंत गड्यांना कळायचं की जेवणं आली. असा माझा आवाज! पुराच्या दिवसांत मी नावही व्हायचे. आमच्या भागात काहिलीत बसून पाणी ओलांडण्याचं कुणाला नवल नाही.

पुढे सगळा ऊस कारखान्याला जाऊ लागला आणि गुऱ्हाळ बंद पडलं. मला घरामागच्या परड्यात पालथी घातली. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. मला राग आला होता, भयंकर राग आला होता. पण सांगणार कुणाला?

त्याच सुमाराला एमआयडीसीमुळे जमिनींना भाव आला आणि सरपंच हंबीररावांनी गावचं तळं बुजवून तिथं दुकानगाळे काढायचं मनावर घेतलं. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत कोल्हापूरची अनुजा आपल्या पक्षीमित्र मंडळींना घेऊन त्या तळ्यावर पाखरं मोजायला आली. पगार नाही, भत्ता नाही, नुसती हौस. त्यांनी काठावर उभं राहून दुर्बिणीतून मोजलं आणि शाळेच्या फळ्यावर निकाल लिहिला : एकूण पक्षी साठ.

ग्रामसभेत हंबीररावांनी तोच आकडा उचलला. "साठ पाखरं? अवो, साठ तर माझ्या परड्यात कोंबड्या हायत! त्येवढ्यासाठनं तळं राखायचं व्हय?" सभा खो खो हसली. पुढच्या हिवाळ्यात मुरूम टाकून तळं बुजवायचं ठरून गेलं.

पुढच्या मोजणीच्या आधी अनुजा चिमणाबाईंच्या दारात आली, ती रडवेली होऊनच.

"आक्का, माझ्याच आकड्यानं तळं बुजायला निघालंय. खरी पाखरं पाणकणसाच्या दाटीपलीकडं बसतात. काठावरनं दिसतच नाहीत."

"मग रडतीस कशाला? आमची काहील हाय की!"

"काहील? पाण्यात?"

"व्हय. पुरात हिनं माझी सासू पार केलीया. तुझी दुर्बीण काय सासूपरीस जड हाय?"

कोंबड्या हाकलल्या. मला उलटी करून घासली. कडेवर उभी करून चाकासारखी गडगडत तळ्यावर नेली. मित्रांनो, त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पहिल्या गुळालाही झाला नव्हता!

मोजणीच्या सकाळी अनुजानं काठावरच्या साऱ्यांना बजावलं, "हूं की चूं करायचं नाही. पाखरं उडवायची नसतात." अनुजाला माझ्यात बसवून चिमणाबाईही चढल्या आणि त्यांनी हळूच बांबू रेटला. मी पडले गोल, पाण्यात गरगर फिरणारच! तेच बदक दोनदा मोजलं जाईल म्हणून अनुजानं माझ्या काठाला लाल रुमाल बांधला आणि रुमाल फिरून जागेवर आला की मोजणी थांबवायची असं ठरवलं. पाणकणसाच्या पलीकडे गेलो, तर काय! तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक! पाणी दिसत नव्हतं, नुसत्या पाठी दिसत होत्या. आकडा नऊशेच्या वर गेला.

काठाला लागलो तर हंबीरराव समोर उभे. भरावाच्या खुणा रोवायला आणलेली पहार त्यांच्या हातात होती. मला काठावर ओढून दगडांवर टेकवली.

"किती घावली?"

"नऊशेच्या वर," अनुजा म्हणाली.

"कागदावर नऊ हजार लिव की! मला हितनं एक बी पाखरू दिसंना. आनि मोजली कशात बसून, तर ह्या भंगारात!" असं म्हणून त्यांनी हातातली पहार दाणकन माझ्या काठावर हाणली.

भंगार? मला? मी आजवर वाजले नव्हते अशी वाजले!

ठण्णऽऽ!

पाणकणसामागून सगळं तळंच्या तळं उठलं. शेकडो पंखांचा एकच फडफडाट झाला. पाखरांनी गावावरून फेरी घातली तेव्हा शाळेतली पोरं, दळायला निघालेल्या बाया, चहाच्या टपरीवरचे बापे, सगळे माना वर करून उभे. हंबीररावांचा आ वासलेला तसाच.

"सरपंच," चिमणाबाई म्हणाल्या, "मोजा की आता तुमच्या कोंबड्या!"

अख्खा गाव हसला. पण या खेपेला कुणाला हसला ते सांगायला नको. भरावाचा ठराव पुढच्याच ग्रामसभेत मागं घेतला गेला. पाखरं दुपारपर्यंत परत पाण्यावर उतरली, तरी ती उडवल्याबद्दल अनुजा हंबीररावांवर अजून चिडून असते.

त्याला आता दहा वर्षं होत आली. दर जानेवारीत मी तळ्यात उतरते आणि निकाल फळ्यावर लागतो. एखाद्या वर्षी पाखरं कमी भरतात, तेव्हा गाव फळ्यावरचा आकडा दोनदा वाचून बघतो. भंगारवालेही येतात, मला बोटानं टकटक करून बघतात आणि चिमणाबाईंच्या शिव्या खाऊन जातात.

मित्रांनो, तळं असो की जुनी काहील, काठावरून बघून कुणाची किंमत ठरवू नका. आत उतरून बघा. आणि मला परत परड्यात पालथी घालू नका. तळ्याच्या काठीच ठेवा, तोंड वर करून. उद्या पुन्हा कुणी तळं बुजवायला आला, तर पहार घेऊनच येईल ना?

येऊ दे.