पाणी रिकामं होतं

आठ महिने झाले, दाक्षायणीबाई सकाळची लिंगपूजा आटोपली की रोज समुद्रावर जायच्या. आता सोलापुरात कुठला आलाय समुद्र? नळाला चार दिवसांआड पाणी येणारं गाव. पण नव्या पेठेमागच्या त्यांच्या दोन खोल्यांत, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या टेबलावर, भाचीनं आणून दिलेला लॅपटॉप उघडला की पिवळ्या पडलेल्या कागदावरच्या रेघा हलायला लागायच्या, आणि त्या रेघांवरून चोपन्न वर्षांपूर्वीचं एक लढाऊ जहाज चालायला लागायचं.

जहाजावर तासातासाची नोंद करायची एक वही असते, तिला लॉगबुक म्हणतात. दिशा कुठली, इंजिनाचे फेरे किती, तासात मैल किती कापले, वारा कुठून, लाट केवढी. त्या लढाईतल्या जहाजांच्या वह्यांचे फोटो काढून एका संस्थेनं इंटरनेटवर ठेवले होते आणि घरबसल्या ती पानं टाइप करून देणारी माणसं मागितली होती. एकच पान तिघांकडे जायचं. तिघांतल्या दोघांचं जुळलं की ते पक्कं. आपल्या पुढ्यात कुठलं पान येईल, ते मात्र आपल्या हातात नसायचं. श्रीदेवी, म्हणजे ही भाची, शाळेत इतिहास शिकवायची. आत्याचा वेळ जाईल, एवढ्याच हेतूनं तिनं हे दाखवलं.

आत्याला वेळ घालवायचा नव्हता. आत्याला एक पान हवं होतं.

दाक्षायणीबाईंचे यजमान मल्लेश नौदलात खलाशी होते. लग्नाला अकरा महिने झाले आणि लढाई लागली. दोन जहाजं जोडीनं चालली होती. रात्री पावणेनऊला पाणबुडीनं त्यांतलं एक फोडलं. त्या जहाजावर मल्लेश होते. जहाज गेलं, तसं त्याचं लॉगबुकही गेलं. उरलं ते जोडीच्या जहाजाचं. त्या दुसऱ्या जहाजावर दुधनीचे ईश्वरप्पा होते. मल्लेश आणि ते एकाच दिवशी भरती झालेले, एका ताटात जेवलेले.

लढाई संपल्यावर ईश्वरप्पा खाकी पिशवी घेऊन दारात आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलले, "आमी पहाटेपतुर शोधलं, तंगी. दिवं लावून शोधलं. पाणी रिकामं हुतं."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. तेव्हापासून ते तिचे अण्णा झाले. भाऊ माहेरी न्यायला येतो तसे दर नागपंचमीला दुधनीहून यायचे, ज्वारीच्या लाह्या आणि तंबिटाचे लाडू घेऊन. एक वर्ष चुकलं नाही. गिरणीच्या टाइम ऑफिसात दाक्षायणीबाईंना नोकरी लागावी म्हणून साहेबाच्या पायऱ्या त्यांनीच झिजवल्या.

आणि त्या तीन शब्दांवर या घरानं दिवस काढले. पाणी रिकामं होतं. म्हणजे पाणबुडीचा मारा बसला आणि सगळं क्षणात संपलं. तडफड नाही, वाट बघणं नाही. सासूबाई निंगव्वा सुनेला उणंदुणं कधी बोलल्या नाहीत आणि चारचौघांत कधी रडल्या नाहीत. पण जात्यावर बसल्या की त्यांचा आवाज हळूच खाली उतरायचा:

*समिंदराच्या पाण्या, तुला काठ ना किनारा*
*माज्या मल्लेशाला देई, तुज्या कुशीचा उबारा*

घरात गिरणीचं पीठ यायला लागलं तरी निंगव्वा मूठभर दाणे घेऊन रोज बसायच्या. दळण हे निमित्त. समुद्राशी बोलायची त्यांची ती जागा होती. एका संक्रांतीनंतर त्या गेल्या. जाताना लेकाचं नाव घेतलं नाही. "त्यो निजलाय," एवढंच म्हणाल्या.

मग यंदा माघात दुधनीहून महेश्वरीचा फोन आला. महेश्वरी ही ईश्वरप्पांची सून. मामंजींच्या मूत्रपिंडांनी काम सोडलंय, डायलिसिसला आता ते नको म्हणतात, डॉक्टरही फार जोर करत नाहीत, असं तिनं सांगितलं. किती दिवस, असं दाक्षायणीबाईंनी विचारलं तर ती म्हणाली, आत्या, दिवसच म्हणायचे.

त्या दिवसापासून दाक्षायणीबाईंच्या जिवाला चैन पडेना. अण्णांनी त्या रात्री जे केलं ते कुठंतरी लिहिलेलं असणारच. ज्या माणसानं आपल्या नवऱ्याला पहाटेपर्यंत शोधलं, त्याच्या हातात तो कागद द्यायचा. म्हणायचं, हे बघा अण्णा, तुमचं शोधणं वहीत आहे, वाया गेलं नाही. दुसरं देण्यासारखं त्यांच्याजवळ काय होतं?

त्या पहाटे बसायच्या ते दिवेलागणीपर्यंत. डोळ्यांतून पाणी गळायचं, ते पदरानं टिपायचं आणि पुढचं पान. मार्चची पानं यायची, जुलैची यायची, बंदरात उभ्या जहाजाची यायची. नेमकं ते येईना. श्रीदेवी एकदा म्हणाली, आत्या, आता तुला खलाशाचा गणवेश शिवायला टाकू काय? दाक्षायणीबाई हसल्या नाहीत. दुधनीचा फोन वाजला की त्या आधी 'अण्णा?' एवढंच विचारायच्या.

पान आलं ते मंगळवारी, सकाळी साडेदहाला.

तारीख त्यांनी बोट ठेवून वाचली. मग गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि खालच्या ओळींवर उतरल्या. आठ ते नऊ: दिशा एकशेवीस अंश, मैल चौदा. नऊ ते दहा: दिशा तीनशे, मैल एकवीस. दहा ते अकरा: तीनशे, बावीस. अकरा ते बारा: तीनशे, बावीस. शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ होती. पाणबुडीचा धोका, पूर्ण वेग.

बत्तीस वर्षं हजेरीपट सांभाळलेली बाई होती ती. गिरणीत त्यांच्या हाताखालच्या नव्या पोरींना त्या सांगायच्या, माणूस शपथ घेऊन म्हणेल मी रात्रपाळीला होतो. तू त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, त्या रात्री त्याच्या खात्यात चहाचे कप किती गेले ते बघ. हजेरी खोटी लागते, चहा खोटा पिता येत नाही. आता समोर कपच मांडलेले होते. शोधणारं जहाज कसं चालतं हे त्यांना आठ महिन्यांत पाठ झालं होतं. याच वहीत, लढाईच्या आधी, हरवलेली एक कोळ्यांची होडी शोधल्याचं पान त्यांनी स्वतः टाइप केलं होतं. दिशा दर दहा मिनिटांनी बदललेली, तासाला मैल चार नाहीतर पाच. आंधळ्यानं खोलीत सुई शोधावी तसं. आणि इथं? एकशेवीसच्या बरोब्बर उलट तीनशे. पाठ फिरवून, सरळ, तीन तासांत पासष्ट मैल.

त्यांनी चष्मा पुसला. एकवीसचे चार होतात का बघितले. क्षणभर बोट खरंच चारच्या आकड्यावर गेलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, हेच पान कुठंतरी आणखी दोघांच्या पुढ्यात आहे, आणि ते दोघं एकवीसच लिहिणार.

पुढचं पानही ओळीनं आलं. दुसऱ्या दिवशीची दुपार, दोन वाजता: जागेवर परत. तेल, फळ्या. माणूस नाही.

म्हणजे पाणी रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी होतं.

आदल्या रात्री ते भरलेलं होतं का? मल्लेश जहाजाबरोबर गेले, का पोहत राहिले? पोहत राहिले तर किती वेळ? सतरा तास? त्यांनी जोडीच्या जहाजाचा दिवा लांब जाताना बघितला का? हे सांगणारा एकच माणूस जगात उरला होता, आणि त्याचे दिवस मोजले जात होते. श्रीदेवीला त्यांनी फोनवर सांगितलं, पान छापून दे. आत्ता. पोरीनं घाबरून विचारलं, आत्या, बरं वाटत नाही की काय तुला? दाक्षायणीबाईंनी फोन ठेवला.

एसटीनं अक्कलकोट ओलांडलं तशा पाट्या कानडी होत गेल्या. दाक्षायणीबाईंनी मांडीवर प्लास्टिकच्या पाकिटातला कागद दोन्ही हातांनी दाबून धरला होता. बाहेर ऊन भाजत होतं. मनात एकच चाललं होतं. असू दे, अण्णा असू दे, मी पोचेपर्यंत असू दे. नवऱ्यासाठी त्यांनी असा धावा कधी केला नव्हता. तेव्हा करायला वेळच मिळाला नव्हता.

ईश्वरप्पा होते. पुढच्या खोलीत खाटेवर, पाय सुजून उशीएवढे झालेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. तंगीला बघून त्यांचं तोंड उजळलं. "पंचमी आली काय गं? आनि मी हितंच?"

"तुमच्या जहाजाच्या वहीचं पान मिळालं, अण्णा. त्या रात्रीचं."

उजळलेलं तोंड तसंच राहिलं, पण त्यातलं माणूस उठून आत गेलं.

"चष्मा न्हाय माजा," ते म्हणाले.

"मी वाचते की."

महेश्वरी पाणी घेऊन आली, तिला त्यांनी डोळ्यांनीच बाहेर पाठवलं. दाक्षायणीबाईंनी वाचलं. आवाज हजेरी घेतल्यासारखा, ना वर ना खाली. आठ ते नऊ, एकशेवीस, चौदा. नऊ ते दहा, तीनशे.

"कोर्स तीनशे, साब," ईश्वरप्पा म्हणाले.

अगदी हळू, पण खणखणीत. सुकाणूच्या चाकावरचा खलाशी हुकूम मिळाला की तो तसाच परत म्हणतो. तोंडाला लागलेली सवय होती ती. चोपन्न वर्षं दातांमागं धरलेली.

दाक्षायणीबाईंचा हात कागदावरच थांबला. "चाक तुमच्या हातात होतं?"

"व्हय."

मग त्यांनी सांगितलं. अडखळत, मध्येच धाप लागून, मध्येच कानडीत. धडाका झाला, सगळं लाल झालं आणि मग लगेच काळं झालं. साहेबानं एकदाच बघितलं. खाली पाणबुडी होती, आपल्या जहाजावर पावणेदोनशे माणसं होती, थांबलो असतो तर तीही गेली असती. साहेबाचं बरोबर होतं. हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. साहेबाचं बरोबर होतं. त्यांनी चाक फिरवलं.

"आणि पाणी?" दाक्षायणीबाईंनी विचारलं.

ईश्वरप्पा छताकडं बघत राहिले.

"पाणी रिकामं होतं का, अण्णा?"

"न्हाय."

बाहेर महेश्वरी भांडी घासत होती, तिचाही आवाज थांबला.

"लई आवाज यीत हुते," ते म्हणाले. "कोन माँ म्हनत हुतं, कोन अम्मा, कोन आई. अंधारात समदे सारकेच. तोंड दिसत न्हाय, कोन कुटला कळत न्हाय. पन एकजन... एकजन यव्वा म्हनत हुता."

आईला यव्वा म्हणणारी त्या दोन जहाजांवर दोनच माणसं होती. एक चाकावर होता.

दाक्षायणीबाईंनी विचारलं, "किती वेळ?"

"पाच मिंटं. सात आसतील. मग इंजिनाचा आवाज वाडला." त्यांनी सुजलेला हात खाटेच्या कडेवर आणून ठेवला. "शिव्या दे की मला, तंगी. एक तरी दे. पन्नास पंचम्या झाल्या, तू आपली लाडू बरा झालाय म्हनतीस."

दाक्षायणीबाईंनी त्या हाताकडं बघितलं. याच हातानं साहेबाचं दार ठोठावलं होतं, लाह्यांची पुडी सोडली होती, सासूबाईंना बसवून नेलं त्या सजवलेल्या विमानाला हात दिला होता. आणि याच हातानं चाक फिरवलं होतं. त्यांना वाटलं राग येईल. तो जहाज वळवल्याचा येईना. पावणेदोनशे घरं त्यांना मोजता येत होती. राग दुसरीकडून आला.

"जहाज वळवणं तुमच्या हातात नव्हतं, अण्णा. ती हाक पोचवणं होतं. हाक माझी नव्हती, तुमची नव्हती. सासूबाईंची होती. त्या जात्यावर बसून समुद्राला विनवत होत्या, त्याला ऊब दे म्हणून. तो त्यांना बोलवत होता, आणि त्यांना वाटलं तो निजलाय."

"सांगून काय झालं आसतं गं? मेली आसती म्हातारी."

"मेली असती. पण ओ दिली असती."

ईश्वरप्पांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. खांदे हलत होते. दाक्षायणीबाईंनी कागद त्यांच्या उशाशी ठेवला नाही, आणि परतही घेतला नाही. तो हातातून खाली पडला तिथंच राहिला. महेश्वरीनं जेवून जा म्हटलं, निदान पाणी तरी. त्यांना आता पाण्याचा पेला बघवत नव्हता.

सोलापुरात उतरल्या तेव्हा उन्हं कलली होती. घरी न जाता त्यांनी रिक्षावाल्याला रुद्रभूमीकडे न्यायला सांगितलं. लिंगायतांत जाळत नाहीत, मातीत बसवतात. निंगव्वांना बसवलं होतं ती जागा आंब्याच्या झाडाच्या डाव्या हाताला, तिसरी. पण आंबा नव्हता. नवी भिंत घातली होती, त्या वेळी रांगा विसकटल्या होत्या. राखणदार नाव काय, कितवं साल, असं विचारत जुनी वही चाळायला लागला, आणि शेवटी म्हणाला, "न्हाय सापडत, आज्जी. ह्या भिंतीकडच्या सा-सातांतली एकादी आसंल."

सहा-सात उंचवटे होते. एकावरही नाव नव्हतं. मल्लेशही असेच कुणीतरी अंधारातले एक झाले होते, तोंड नसलेले.

दाक्षायणीबाई पहिल्या उंचवट्यापाशी वाकल्या. सासूला त्यांनी जन्मात मोठ्यानं हाक मारली नव्हती. त्यांनी मातीवर तळहात ठेवला, दिवसभराची ऊन माती, आणि मल्लेश म्हणाले असतील तसं, होता होईल तेवढ्या जोरानं, म्हटलं:

"यव्वा!"

भिंतीपलीकडून एक टमटम गेली. राखणदार वही मिटून बघत राहिला.

ओ यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्या थांबल्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दुसऱ्या उंचवट्यापाशी गेल्या.