चांगभलं गट नापास कसा झाला

कोडोलीच्या शालूबाईला गप्प करायचं म्हणजे महाकठीण काम. चटणी कुटायचा डंक धडाधडा चालू असला तरी तिचा आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा. पण ही बाई मुळातली अशी नव्हती बरं का! लग्न होऊन आली तेव्हापासून गावात तिला सगळे 'सयाजीची बायको' म्हणायचे, आणि तीही स्वतःला तेच म्हणायची. चांगभलं महिला बचत गटाच्या पहिल्या बैठकीत संस्थेच्या अनुजा मॅडमनी बायकांना गोलात बसवलं आणि एकेकीला स्वतःचं नाव सांगायला लावलं. नवऱ्याचं नाही, पोराचं नाही, स्वतःचं. शालूबाईनं पदर तोंडात कोंबला आणि कशीबशी म्हणाली, "मालकास्नी इचारा." मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. बाकीच्या बायका उठून घरी गेल्या तरी त्या तिच्यासमोर मांडी घालून बसून राहिल्या. दिवेलागणीला कधीतरी शालूबाईच्या तोंडून ते नाव बाहेर पडलं, आणि ती ढसाढसा रडली.

पुढचं सगळं त्या नावावर उभं राहिलं. गटानं डंक घेतला, कांदा-लसूण चटणी पार कोल्हापुरात जाऊ लागली. डंकाचा पट्टा तुटला तर शालूबाई पदर खोचून स्वतः बदलायची. गटातली बनाबाई बँकेच्या साहेबाशी कचाकचा भांडून काम करून यायची. गटाचा एक नियम मात्र मॅडमनी पहिल्या दिवशी घालून दिला होता: जिच्याबद्दल ठरवायचं, तिला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. त्यापायी बायका आपसात कितीदा भांडल्या असतील, पण नियम मोडला नाही. अलीकडं मॅडमना शिकवायला काही उरलंच नव्हतं. त्या मंगळवारी यायच्या, चहा घ्यायच्या, बायकांची भांडणं ऐकून हसायच्या आणि शेवटच्या एस्टीनं जायच्या.

एका मंगळवारी त्यांनी सांगितलं, "संस्थेचे साहेब गट तपासायला येणार आहेत. तुम्ही तुमच्या पायावर उभ्या आहात असं त्यांना दिसलं, की माझं इथलं काम संपलं."

बोलल्या हसत, पण कपातला चहा तसाच निवून गेला. शालूबाईनं ते बघितलं. मॅडमची आई अंथरुणाला खिळलेली, घरात मिळवणारं दुसरं कुणी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडम एस्टीला गेल्या आणि शालूबाईनं बायकांना थांबवलं.

"काम संपलं म्हंजी काय गं? नोकरी गेली की तिची! आपन शान्या झालो म्हणून तिच्या पोटावर पाय? जळू दे असलं शानपन!"

"मग काय करायचं म्हणतीस?" बनाबाई म्हणाली.

"नापास व्हायचं."

बायका आधी हसल्या, मग एकमेकींकडं बघायला लागल्या, मग पुन्हा हसल्या. बनाबाईला ते पटेना. "मॅडमला इचारूया की एकदा. नियम हाय न्हवं आपला?"

"इचारलं तर ती न्हाईच म्हणंल. सोभाव ठावा न्हाई व्हय तिचा? तिच्या भल्याचं हाय, तर इचारायचं कशाला?"

आणि ज्या बायका चटणीत मीठ किती घालायचं यावरसुद्धा तासभर वाद घालायच्या, त्यांनी हे एका दमात मान्य केलं. माया आली की माणसाची अक्कल चुलीत जाते, दुसरं काय!

उदयसिंह साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्यांनी मॅडमना बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटून घेतलं आणि शालूबाईपासून सुरुवात केली.

"ताई, आपलं नाव?"

शालूबाईनं पदर तोंडात धरला. "मालकास्नी इचारा."

कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांना ते लाजणं वाटलं. डंक बंद पडला तर? "मॅडमना फोन लावतो." बँकेत कोण जातं? "मॅडमच जात्यात." भांडण झालं तर? "मॅडम येऊन मिटीवत्यात." सगळ्या अगदी रंगात आल्या होत्या. शेवटी साहेबांनी विचारलं, "आणि मॅडम आल्याच नाहीत तर?"

"तर गट मोडून टाकू," बनाबाई म्हणाली, आणि खरंच डोळ्याला पदर लावला.

दार उघडलं तेव्हा मॅडम पायरीवर उभ्या होत्या. बायकांचे फुललेले चेहरे बघून त्यांच्याही जिवात जीव आला. "कसं झालं?"

"एकदम झ्याक!" शालूबाई म्हणाली.

महिन्याभरानं मॅडम आल्या त्या मंगळवार नसताना. डंकाच्या दारातच उभ्या राहिल्या, आत बसल्या नाहीत.

"निदान नाव तरी सांगायचं होतं, मावशी."

शालूबाईनं डंक बंद केला. मॅडम हळूहळू बोलल्या. त्यांची नोकरी या तपासणीबरोबर संपणारच होती, गट पास होवो नाहीतर नापास. पण मलकापूरकडं दुसऱ्या संस्थेचं नवं काम निघत होतं. गट उभा करून दाखवलेली बाई म्हणून तिथं त्यांना घेणार होते, शब्द झाला होता.

"आता साहेबांनी कळवलंय की मी तुम्हाला मुद्दाम पांगळं ठेवलं. स्वतःची खुर्ची टिकावी म्हणून. मलकापूरवाल्यांनी नको म्हणून सांगितलं."

"अवो, आमी नाटक केलं की!" शालूबाई ओरडली. "तुमच्यासाठी केलं! तुमची नोकरी ऱ्हावी म्हणून!"

मॅडमनी खांद्यावरची पिशवी सावरली. रागावल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या तर शालूबाईला बरं वाटलं असतं.

"एकदा मला विचारायचं होतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि चहा न घेता गेल्या.

दुसऱ्या दिवशी शालूबाई कोल्हापुरात मंगळवार पेठेत संस्थेच्या ऑफिसात हजर. सयाजीला सांगितलं नाही, कुणाला बरोबर घेतलं नाही. उदयसिंह साहेबांपुढं बसली आणि तिनं तोंड सोडलं. डंकाचा पट्टा कसा बदलतात, मिरची कुठून आणतात, बँकेचा साहेब कसा अडवतो आणि बनाबाई त्याला कशी सरळ करते, सगळं घडाघडा सांगितलं.

"आमी खोटं बोललो, सायब. दोष आमचा हाय. मॅडमनी आमास्नी मानसात आणलं. तुमी ते लिवलेलं खोडा."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. तिच्यासाठी पाणी मागवलं. मग मान हलवत म्हणाले, "ताई, खरं सांगा. अनुजाताईंनी पाठवलं ना तुम्हाला?"

"न्हाई! मी माझी आलोय."

"एवढं सगळं न चुकता बोललात. कुणी पाठ करून घेतल्याशिवाय येतं का असं?" ते अगदी मायेनं म्हणाले. "तुमचा यात काही दोष नाही. तुम्ही भोळी माणसं, वापर करून घेतात तुमचा. असं लोकांना पढवून पाठवणं शोभत नाही, हेसुद्धा मला आता वर कळवावं लागेल."

शालूबाईच्या अंगाची लाही लाही झाली. टेबल उलटं करावं असं वाटलं. पण ती जेवढी बोलेल तेवढं ते मॅडमच्या अंगावर जाणार, हे तिला लख्ख दिसलं. बोलायला शिकल्यापासून पहिल्यांदा तिनं जीभ आवरली आणि उठली. परत येताना एस्टीत तिच्या मनात एकच येत होतं, की जिभेला धार लावली मॅडमनी, आणि वार बसला तो मॅडमवरच.

मॅडमचा फोन लागेना. बनाबाई त्यांच्या घरी जाऊन आली, तर दाराला कुलूप. आईला घेऊन बहिणीकडं गेल्या, कुठं ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी संस्थेनं नवी मुलगी पाठवली. स्वप्नाली तिचं नाव. गटाला पहिल्या धड्यापासून शिकवायचं ठरलं होतं. तिनं बायकांना गोलात बसवलं.

"लाजायचं नाही हं. प्रत्येकीनं स्वतःचं नाव सांगायचं. मावशी, तुमच्यापासून."

शालूबाईनं तोंड उघडलं. समोर मांडी घालून बसलेली अनुजा तिला दिसली, दिवेलागणीपर्यंत न उठलेली. नाव काही तोंडातून बाहेर येईना.

बनाबाईनं कोपर मारलं. "आता कशाला नाटक? सांग की!"

शालूबाईनं मान हलवली. ह्या खेपेला ते नाटक नव्हतं.

स्वप्नालीनं घड्याळात बघितलं. अजून दोन गावं करायची होती तिला. "असू दे, असू दे. गावात काय म्हणतात तुम्हाला, तेच सांगा. चालतंय."

"सयाजीची बायको," शालूबाई म्हणाली, आणि स्वप्नाली पुढच्या बाईकडं वळली.