पांढरोबाचं तोंड कुणी फिरवलं?

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. मी देव नाही. माझ्या अंगावर बोटभर जाड शेंदूर आहे, चांदीचे डोळे आहेत, पायाशी करवंट्यांचा ढीग आहे, तरीही मी देव नाही. मी एक जुना, ओबडधोबड, कमरेएवढा काळा धोंडा आहे, आणि मला फार राग आलेला आहे.

चौसाळ्याहून डोंगराच्या अंगाने चढत गेलं की घागरदरा लागतो. वरच्या माळावरचं पाणी तिथे एका सपाट कातळावरून वाहत येतं आणि कड्यावरून खाली डोहात पडतं. रिकाम्या घागरीत पाणी भरताना येतो तसा आवाज घुमतो, म्हणून घागरदरा. श्रावणात तिथलं हिरवेपण पाहून माणूस देहभान विसरतो. तेच वाईट. देहभान विसरायला ती जागा अजिबात चांगली नाही.

मी पूर्वी माळावर नुसता पडून असे. मेंढ्या माझ्यावर अंग घासत. धुळाजी धनगर दुपारी माझ्या सावलीला भाकरी ठेवी. त्याचा धाकटा भाऊ सुग्रीव उन्हाळाभर त्या कातळावर घोंगडी टाकून बिनघोर झोपायचा. कातळाचा कोपरा न् कोपरा त्याच्या ओळखीचा होता, आणि त्या ओळखीनेच त्याचा घात केला. उन्हाळ्यात खरखरीत असणारा तो कातळ पावसाळ्यात शेवाळाने लोण्यासारखा होतो. सुग्रीव भर आखाडात तोंड धुवायला गेला, नेहमीच्या सवयीने झपाझप चालला, आणि मेंढ्यांच्या देखत खाली गेला.

गावाने ठरवून टाकलं, डोहातल्या आसरांनी त्याला नेलं. पाण्यातल्या त्या सात देवींवर सगळं ढकललं की माणसांना काही करावं लागत नाही. पण धुळाजी रडून मोकळा झाला आणि दुसऱ्या दिवशी कातळावर पालथा पडला. पोटावर सरकत, तळहाताने चाचपत त्याने खरखरीत दगड कुठे संपतो आणि गुळगुळीत कुठे सुरू होतो ते शोधलं. मग चार गडी बोलावून मला पहारीने उकरलं, ओढत आणलं आणि नेमकं त्या सीमेवर पक्कं रोवलं. चौसाळ्याच्या बाजारातून चुना आणून मला पांढरंशुभ्र केलं.

"ह्या पांढऱ्या धोंड्याच्या म्होरं पाय टाकायचा न्हाई," तो म्हणाला. "माणसानं न्हाई, मेंढरानं न्हाई."

असा मी कामाला लागलो. माझ्या अलीकडे बसूनही पाण्याची धार आणि खालचा डोह दोन्ही छान दिसतात. श्रावणात लोक छकडे जुंपून येत. चौसाळ्याचे येत, बीडचे हौशी लोक दमणीतून येत, आणि तेलगावसारख्या लांबच्या गावाहूनही कुणी कुणी येई. शिदोऱ्या सुटत, पोरंसोरं खेळत, आणि धुळाजी काठीवर हनुवटी टेकून डोळ्यांत तेल घालून बसलेला असे. तो प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचा.

"आभाळाकडं बघू नगा, पाण्याकडं बघा. पाणी नितळ हाय तवर बसा. तांबडं झालं, पालापाचोळा वाहायला लागला, की ताट तसंच टाकून उठा. हितं ऊन असलं तरी वर माळाला पाऊस लई पडलेला असतोय."

एकदा सुंदरराव देशमुख आले. परगण्यात त्यांचा मोठा दरारा. बोलता बोलता ते मला ओलांडून जायला निघाले, तसा धुळाजी ओरडला, "मालक, थांबा! देशमुखी अलीकडं, पलीकडं समदे सारखेच." पण सुंदरराव हसले आणि थांबले. ती त्यांची चांगली वेळ होती, मी ती विसरलेलो नाही. मला रोवल्यापासून धुळाजी होता तोवर त्या कातळाने कुणाचाही बळी घेतला नाही.

मग मानमोडीची, म्हणजे जीवघेण्या तापाची साथ आली. सगळ्या मोगलाईत माणसं पटापट गेली. निजामाच्या राज्यात ती आली तशी पलीकडे इंग्रजांच्या राज्यातही आली म्हणत. धुळाजीही गेला.

पुढच्या आखाडात त्याची बायको कडूबाई एकटीच चुन्याचं गाडगं घेऊन आली. तिने मला नवऱ्याच्या सवयीने वरून खाली रंगवलं. मग तिचा हात थबकला. कनवटीची पुडी सोडून तिने शेंदराचं एक बोट माझ्या माथ्याला टेकवलं आणि म्हणाली, "धनी, तुमचा धोंडा. तुमच्या माघारी मी बघीन." त्या एका बोटात किती माया होती ते मी सांगू शकत नाही. मला राग आला नाही. तिच्यावर मला आजही राग नाही.

पण ते बोट लोकांनी पाहिलं! पांढऱ्यावरचं लाल लांबूनही दिसतं. पुढच्याने हळद वाहिली, त्याच्या पुढच्याने नारळ फोडला. कुणाची म्हैस हरवली होती ती सापडली, कुणाला पोरगा झाला, आणि दोन पावसाळ्यांत मी 'पांढरोबा' झालो. सुंदररावांच्या सुनेचं दुखणं बरं झालं, तेव्हा त्यांनी मला तेलात कालवलेल्या शेंदराने आपादमस्तक लिंपून काढलं. अंगाने लालभडक आणि नाव पांढरोबा! चुन्याची पांढरी खूण शेंदराखाली गडप झाली. धोंड्याला तळपाय नसतो, नाहीतर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती.

आणि पुढचं ऐका. सुंदररावांनी चांदीचे डोळे घडवून आणले. डोळे कुठे लावायचे? तर देवाचं तोंड पूर्वेला हवं. माझ्या पूर्वेला काय आहे? तो कातळ! वाट पश्चिमेकडून येते, सगळी मोकळी, सुरक्षित जागा पश्चिमेला आहे. पण डोळे लागले पूर्वेला. म्हणजे देवाचं तोंड पाहायचं तर मला ओलांडून शेवाळावर जायचं, आणि कड्याकडे पाठ करून हात जोडायचे. "पलीकडे जाऊ नका" एवढंच सांगण्यासाठी ज्याला रोवलं, त्याच्याच दर्शनासाठी माणसं पलीकडे जाऊ लागली. वर समईचं तेल सांडायचं, नारळाचं पाणी सांडायचं, केळीच्या साली पडायच्या. शेवाळ कमी होतं म्हणून की काय!

पहिल्याच श्रावणात तेलगावची एक बाई प्रदक्षिणा घालताना गेली. तिच्या हातातलं ताट कड्यावर आपटत खाली गेल्याचा आवाज माझ्या कानांतून अजून जात नाही. आणि लोक काय म्हणाले? म्हणाले, तिच्या उपासात काही चुकलं असेल. मेलेल्या बाईवरच ठपका! मी मुका, मी काय करणार? कडूबाई मात्र त्या दिवशी कितीतरी वेळ माझ्यासमोर बसून राहिली. एकदा माझ्याकडे बघे, एकदा स्वतःच्या शेंदराच्या बोटाकडे.

त्यानंतर ती दर श्रावणात वाटेवर उभी राहून येणाऱ्यांना अडवू लागली. "अलीकडूनच हात जोडा, बाबांनो." लोक तिला येडी म्हणायचे. पाठमोऱ्या देवाला कुणी हात जोडतं का?

मग तिच्या रतनचं लग्न झालं. रतन म्हणजे तिची एकुलती एक लेक. जावई भारत कष्टाळू होता. व्याही माणसं भली होती. पण विहीण बायडाबाई देवभोळी. सून तर पांढरोबाच्याच घरची, मग पहिल्या श्रावणात जोडीने दर्शन व्हायलाच हवं, असा तिने हट्ट धरला. कडूबाईने परोपरीने विनवलं. व्यर्थ.

त्या सोमवारी स्वच्छ ऊन पडलं होतं. सुंदरराव पूजेला आलेले, हलगी वाजत होती, कातळावर समई, तांब्या, नारळ मांडलेले. भारतच्या उपरण्याला रतनच्या पदराची गाठ मारलेली. एकाचा पाय घसरला तर दुसऱ्याला ओढून नेईल, अशी पक्की गाठ. ती दोघं माझ्या दिशेने येऊ लागली. रतनच्या पायांत नवी जोडवी होती. ती खाली बघून हसत होती. मित्रांनो, धोंडा असण्याचं एवढं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

कडूबाई त्यांच्यापुढे चालत होती. तिची नजर आभाळाकडे नव्हती, पाण्याकडे होती. कातळावरचं पाणी चहासारखं तांबूस दिसू लागलं होतं. त्यात पळसाचं एक पान गिरक्या घेत आलं, मागून काटक्या आल्या.

ती गर्रकन वळली आणि माझ्या शेजारी, वाटेवरच, हात पसरून बसली.

"माय, काय झालं?" रतन दचकून म्हणाली.

"पाणी तांबडं झालंय. मागं फिर."

बायडाबाईचा चेहरा उतरला. "विहीणबाई, तुमच्याच धन्याचा देव, आन् तुमीच आडव्या कावून?"

"त्यो देव न्हाई हो. माझ्या धन्यानं रोवलेला धोंडा हाय. थांबा म्हणून रोवला. इथनं दीर गेला माझा, ती तेलगावची बाई गेली. माझी लेक मी जाऊ देणार न्हाई."

सुंदरराव पुढे आले. "कडूबाई, सरक. ऊन पडलंय लख्ख, कसलं पाणी न् काय! देवाचं तोंड तिकडं हाय. मग दर्शन काय पाठीचं घ्यावं पोरांनी?"

कडूबाईने कमरेचा विळा काढला. हलगी थांबली. ती माझ्या खांद्याला घट्ट मिठी मारून पलीकडे वाकली, पाय मात्र अलीकडेच ठेवून, आणि विळ्याच्या टोकाने तिने माझे दोन्ही डोळे उपसून काढले. बायकांनी किंकाळी फोडली. तिने ते डोळे पदराला पुसले आणि माझ्या पश्चिमेच्या अंगाला, ओल्या शेंदरात, अंगठ्याने गच्च दाबून बसवले.

"हे घ्या. झालं तोंड हिकडं. आता समदे अलीकडनंच दर्शन घ्या."

माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी इतकं शहाणपणाचं काम केलं नव्हतं.

सुंदरराव संतापाने ओरडले. "देवाचे डोळे काढतीस? सटवा, धर बे तिला! डोळे होते तिथं लाव."

सटवा म्हणजे त्यांचा गडी. धन्याचा हुकूम, बिचारा पुढे झाला. माझ्या खांद्यावर हात टेकून त्याने एक पाय कातळावर टाकला मात्र, वर माळाकडून घरंगळणाऱ्या गाड्यांसारखा आवाज आला. कडूबाईने त्याचं धोतर धरून त्याला मागे खेचलं. दोघंही चिखलात पडली. त्याच वेळी तांबड्या पाण्याचा लोंढा कातळावर चढला. समई गेली, तांब्या गेला, नारळ गेले. पाणी माझ्या बुडाला लागलं आणि तिथेच अडलं. धुळाजीने जागा नेमकी शोधली होती.

रतन आईला बिलगली. भारतच्या उपरण्याची गाठ तशीच होती, आणि ती गाठ पाहून बायडाबाई मटकन खाली बसली.

आता तरी यांना कळेल, असं मला वाटलं. आता तरी धुळाजीचं नाव घेतील, कडूबाईच्या पाया पडतील.

सुंदररावांनी पागोटं काढलं, चिखलात लोटांगण घातलं, ते मला! "पाहिलंत? पांढरोबानं तोंड फिरवलं! लेकरांसाठी देवानं तोंड फिरवलं!"

आणि सगळ्यांनी जयजयकार केला. ज्या बाईने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विळ्याने डोळे काढून लावले, ती बाजूला चिखल झटकत उभी होती. सटवा तेवढा तिच्याकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "मावशे, तू व्हतीस म्हणून." कडूबाई एवढंच म्हणाली, "घरला चला आता."

आज बीडपर्यंत ही गोष्ट पोचली आहे. तोंड फिरवणारा जागृत देव म्हणून लोक लांबून मला बघायला येतात. मित्रांनो, धोंडा कधी तोंड फिरवतो का? मी तसूभर हललो नाही! मला रोवलं धुळाजीने आणि माझं तोंड फिरवलं कडूबाईने. पण ते कुणी सांगत नाही. म्हणून मग काय होतं? माणसं दुसऱ्या दरीत जातात, दुसऱ्या डोहावर जातात आणि तिथेही देव तोंड फिरवील म्हणून बिनधास्त पुढे सरकतात. तिथे कडूबाई नसते.

तुम्हीही मोठे झालात की फिरायला निघाल. जरूर निघा, जग पाहण्यासारखं आहे. पण नव्या ठिकाणी गेलात की तिथल्या माणसाला आधी विचारा, इथे कुणाचा जीव गेला होता का, आणि नेमका कुठे. उन्हाळ्यातल्या ओळखीवर पावसाळ्यात विसंबू नका. पाण्याचा रंग बघा. आणि कुणी खूण करून ठेवलेली दिसली, तर तिच्यामागे एखादा सुग्रीव असतो हे ध्यानात ठेवा.

कडूबाई आता थकली आहे. तरी दर आखाडात रतनच्या खांद्याला धरून येते, माझ्या पायाशी कातळाच्या कडेने चुन्याचा पांढरा पट्टा ओढते आणि जाते. पहिल्या सोमवारीच लोक त्यावर शेंदूर सांडतात, तो लाल होतो आणि मी मनातल्या मनात दात-ओठ खातो.

तेव्हा घागरदऱ्याला याल तर माझ्यासाठी नारळ आणू नका. मूठभर चुना आणा, आणि अलीकडेच थांबा.