बेचाळीस पानांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि परवापर्यंत सोळा वर्षं माझं तोंड भिंतीकडे होतं.

सुताराने मला घडवलं तेव्हा आपण मुलांच्या शाळेत जाणार असं वाटलं होतं. नशिबी आला तो जंगलाकडेच्या आदिवासी वस्तीतला प्रौढांचा वर्ग. तो दुपारी लाकडाच्या वखारीत भरायचा. आजोबा, मावश्या, काकू मांडी ठोकून बसत आणि खडू असा दाबत, की माझ्या अंगावर ओरखडे उठत. मी मात्र कधी रागावलो नाही.

त्यांची बोली वेगळी, शिकवणाऱ्या बाईंची भाषा वेगळी. बाईंनी पहिल्याच दिवशी ‘कमळ’ लिहिलं. झाडपाल्याचं औषध देणारी एक म्हातारी होती, तिला सगळे मोठी आई म्हणत. तिने विचारलं, “हे कुठल्या दुखण्यावर देतात गं?”

“दुखण्यावर नाही हो, हे नुसतं वाचायचं.”

“मग माझी पानं लिही की! निदान कुणाचं पोट दुखायचं तरी थांबेल.”

झालं! मोठी आई रोज एक पान आणू लागली. बाई तिच्या बोलीतलं नाव लिहीत आणि शेजारी डिंकाने पान चिकटवत. पुसायला मोठी आई मुळीच तयार नसे. “औषध पुसून टाकायचं? मग आजारी माणसाने काय करायचं?” बिचाऱ्या बाई उरलेल्या वीतभर कोपऱ्यात बाकीचं सगळं शिकवत. अशी बेचाळीस नावं झाली. शेवटचं तर मोठ्या आईने स्वतःच्या हाताने लिहिलं. अख्खी वस्ती बघायला आली, तेव्हा मी काय फुगलो होतो म्हणून सांगू!

मग बाईंची बदली झाली आणि वर्ग बंद पडला. मला मागच्या खोलीत उलटा टेकवून ठेवलं. मोठी आई गेल्याचं दाराबाहेरच्या बोलण्यातून कळलं. पानं वाळून एकेक करून गळली, केरात गेली. मला फार एकटं वाटायचं.

परवा कुणीतरी मला सुलटं केलं. ती मोठ्या आईची नात होती, दवाखान्यात नर्स झालेली. तिने बेचाळीस नावं घडाघडा वाचली, एकही चूक नाही! मला धन्य वाटलं. मग तिने वखारवाल्याला विचारलं, “काका, यातलं तापावरचं कुठलं?”

“मला काय ठाऊक, पोरी? आजीला विचारायचं होतंस.”

तिने नावांशेजारच्या डिंकाच्या डागांवरून एकेक करून बोट फिरवलं. मला सगळी नावं पाठ आहेत, पण कुठलं नाव कुठल्या झाडाचं आणि कुठल्या दुखण्यावरचं, ते मलाही सांगता येईना.

मित्रांनो, मला जपा असं म्हणणार होतो, पण ते राहू द्या. तुमच्या घरात कुणी झाडं ओळखणारं असेल, तर त्यांचं बोट धरून आजच रानात जा. लिहायचं काय, ते घरी आल्यावरही लिहिता येईल.