पाटलाची गूळतुला

मी एक जुना तराजू आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चिडका आहे. जुनी वस्तू म्हणजे गोड गोड बोलणार आणि डोळे पुसणार, अशी तुमची समजूत असेल तर ती सोडून द्या. माझ्या पारड्यात दरसाल बसणारा एक धडधाकट माणूस ऐन उमेदीत गेला, दुसरा जाता जाता वाचला आणि दोन्ही वेळा गाव टाळ्या वाजवत होतं. सांगा, राग येणार नाही तर काय होणार?

कारंज्याच्या एका लोहारानं माझी दांडी ठोकून घडवली. पारडी सागाच्या जाड फळ्यांची, साखळ्या बैल बांधता येईल अशा. धनजच्या प्रयागबाई पाटलीणबाईंनी मला कापूस तोलायला विकत घेतलं आणि ओसरीच्या आढ्याला टांगलं. कापूस, तूर, ज्वारी, जे येईल ते मी तोललं. खोटं कधी बोललो नाही, म्हणून पंचक्रोशीत माझं नाव होतं.

मग प्लेगाची साल आली. गाव रानात झोपड्या घालून राहिलं. प्रयागबाईंचा एकुलता एक मुलगा नानाजी, वीस-बावीसचा, तापानं पार सुकून गेला. लांबूनही हाडं मोजावीत अशी दशा. माउलीनं मारुतीला नवस बोलला की पोरगा वाचला तर दर हनुमान जयंतीला त्याच्या वजनाइतका गूळ गावाला वाटीन.

पोरगा वाचला. मला गाडीत घालून मारुतीच्या देवळापुढं नेलं, तिथल्या निंबाला टांगलं. एका पारड्यात नानाजी, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. त्याचं पारडं जेमतेम खाली आलं आणि प्रयागबाई रडल्या. खरं सांगतो, त्या दिवशी मलाही भरून आलं होतं. दुसऱ्या वर्षी नानाजी अंगानं भरला, तेव्हाही बरंच वाटलं.

पण नवस तिथं थांबला का? छे! दरसाल पाटील वाढला की गूळ वाढला. गूळ वाढला की गाव खूश. अख्ख्या गावाला पाटलाच्या पोटाची काळजी! पाडवा उलटला की जो तो वाड्यावर येऊन विचारायचा, "पाटील, औंदा भरले ना?" घरात तूप, शिरा, पुरण यांचा मारा सुरू व्हायचा. जवळच्या वावरातसुद्धा नानाजी घोडीवरून जायचा. ती घोडी बिचारी मुकी, मी मुका, बोलणार कोण?

आता एक गोष्ट मी कबूल करतो, कारण खोटं तोलणं माझ्या जातीत नाही. त्या घराण्याचं हाड खरंच मोठं होतं. नानाजीचा बाप तसाच, आत्या तशाच. घरचा गडी लखमा चार-चार पुरणपोळ्या हाणायचा, तरी त्याचं पोट पाठीला. नानाजीनं अर्धी खाल्ली तरी अंगाला लागायची. रक्तातच होतं ते. पण रक्तात आहे म्हणून आणखी ओतायचं, हा कुठला न्याय?

चाळिशीच्या आत नानाजी गेला. हनुमान जयंतीचीच दुपार, पंगत आटोपून ओसरीवर बाजेवर आडवा झाला, तो उठलाच नाही. लोक म्हणाले, या घरात पुरुष टिकत नाही, नशीब! नशिबाच्या नावानं खडे फोडणं सोपं असतं. नवस मात्र टिकला. तो त्याच्या पोराच्या, दौलतरावाच्या गळ्यात पडला. सोळा वर्षांचं पोर ते, तेव्हाच बापाच्या अंगलोटाचं.

दौलतरावाला माझ्यात बसायला आवडायचं नाही, हे मला साखळीतून कळायचं. देवळाच्या पायऱ्या चढताना त्याला धाप लागायची. तिशीला आला तसा तो एके दिवशी आईला म्हणाला की मला बाबांसारखं जायचं नाही. त्याची आई कस्तुराबाई, नानाजीची बायको. सासूच्या मनातली भीती सुनेला वारशानं मिळालेली, पोरगा सुकला म्हणजे मेला. ती म्हणाली, आपलं हाडच तसं, तू कशाला जिवाला त्रास करून घेतो? तेव्हा दौलतराव बोलला ते मी आजही विसरलो नाही.

"माय, हाड मोठं हाय, मले मान्य हाय. आपल्या वावरात हराळी बी दरसाल उगवते. म्हणून आपण डवरा सोडून देतो का?"

पहिल्यांदा तो चुकला. तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहिला आणि विहिरीपाशी चक्कर येऊन पडला. कस्तुराबाईला आयतंच कोलीत मिळालं. मग तो शहाण्यासारखा वागायला लागला. ज्वारीची भाकर, वरण, अंबाडीची भाजी, ताक, पोटभर पण बेतानं. सणाला एक पोळी, ती चवीनं. घोडी गोठ्यात ठेवून पायी वावरात जायचं आणि लखमाच्या बरोबरीनं बैलामागं तण काढायचा डवरा धरायचा. वजन काही लगेच उतरलं नाही. लखमा वाळून काडी, हा रुंदच. तरी तो रोज जायचा, आणि हळूहळू त्याचा श्वास मोकळा झाला.

त्या वर्षी तुलेला गेल्या सालाइतक्या भेल्या ठेवल्या, तर दौलतरावाचं पारडं वर गेलं. एक भेली काढावी लागली, मग दुसरी. गर्दीत जानराव होता, खाऊनपिऊन सुखी, आठ एकरांचा धनी. तो मोठ्यानं म्हणाला, पाटलानं उपाशी राहून गूळ वाचवला! गाव खो खो हसलं. मजुरांची लेकरं वर्षभर त्या गुळाची वाट पाहायची, त्यांचा हिरमोड मला समजतो. पण जानरावाच्या घरी काय गूळ नव्हता? माझ्या हातात असतं तर दांडीच घातली असती त्याच्या टाळक्यात.

कस्तुराबाई मान खाली घालून घरी आली. दुसऱ्या दिवसापासून ताटात तुपाची धार पुन्हा सुरू. दौलतराव नको म्हणाला की ती जेवायची नाही. वर गावाचे टोमणे. शेवटी माणूस थकला. डवरा सुटला, घोडीवर पुन्हा जीन चढलं. पुढच्या हनुमान जयंतीला माझं पारडं धपकन जमिनीला लागलं. टाळ्याच टाळ्या! दौलतराव नारळ फोडायला पायऱ्या चढू लागला आणि अर्ध्यावर बसला. छातीवर हात, कपाळावर घाम, ओठ काळेनिळे. कस्तुराबाई धावली. तिनं हे तोंड एकदा पाहिलेलं होतं.

देवाची कृपा, तो वाचला. दोन महिने बाजेवर होता. मग आधी अंगणापर्यंत, मग वेशीपर्यंत, मग वावरापर्यंत चालू लागला. भाकर, वरण, ताक. या खेपेला ताट वाढताना कस्तुराबाईचा हात तुपाच्या भांड्याकडं गेला नाही.

वर्ष फिरलं. मला पुन्हा निंबाला टांगलं. दौलतराव बसला, पारडं वर गेलं, लखमानं भेल्या उतरवल्या. जानरावाची जीभ वळवळलीच. म्हणाला, असाच सुकत गेला तर पुढच्या साली मुंग्यांनाही गूळ पुरायचा नाही. कोणी हसायच्या आत कस्तुराबाई बायांच्या घोळक्यातून पुढं आली. त्या काळी पाटलीण भरल्या गावात तोंड उघडत नसे.

"जानराव, तुमच्या गुळापायी म्या नवरा घालवला. आता पोरगं बी घालवू का? गूळ पाहिजे तं दरसाल घेऊन जा, जितका होता तितकाच भेटन. पण आजपासून माह्या लेकाले कोनी मोजाचं नाई."

मग मारुतीकडं वळून ती म्हणाली, "देवा, तुयं देणं लागते, ते देईन. मानसाच्या चरबीत नाई देणार."

तिनं लखमाला माझ्या साखळ्या उतरवायला सांगितल्या. उतरवलेल्या भेल्या परत ढिगात ठेवल्या आणि पहिली भेली जानरावाच्याच उपरण्यात घातली. त्यानं उपरण्याला गाठ मारली. दौलतराव उठला आणि पायऱ्या चढून गेला, न थांबता.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. दौलतरावानं बापाचं वय ओलांडलं. तो अजून रुंदच आहे, मरेपर्यंत रुंदच राहील, आणि रोज सकाळी पायी वावरात जातो. मी गोठ्यात पडलो आहे, दांडी गंजली आहे. कोणी तेल लावलं तर आवडेल, पण त्यासाठी हे सांगितलं नाही. तुमच्यापैकी कोणाचं हाड मोठं असेल तर लाजू नका आणि त्याच्या आडही लपू नका. चाला, राबा, भुकेपुरतं खा. आणि वाढणाऱ्या मायबहिणींनो, तुमच्या पानावरचा माणूस "पुरे" म्हणाला, तर हात मागं घ्या. त्याला जगायचं आहे.