बेंड मेसेंजरचा खालचा खण

मित्रांनो, मी चार खणांचे एक जुने लोखंडी कपाट आहे. ह्यूस्टन शहरातल्या सॉयर्स बेंड या काळ्या लोकांच्या वस्तीत, 'बेंड मेसेंजर' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत मी अठ्ठेचाळीस वर्षे उभे आहे. मला ट्रकवरून उतरवले तेव्हा जमीन अशी हादरली, की समोरच्या न्हाव्याच्या वस्तऱ्याने एका गिऱ्हाइकाची डावी भुवई साफ नेली. तो गृहस्थ मरेपर्यंत माझ्यासमोरून जाताना टोपी डोळ्यांवर ओढून घेत असे. एवढे सोडले, तर मी फारसे वाढवून सांगणार नाही.

आमच्या वस्तीत माणूस गेला, की त्याची छापील पत्रिका निघते. वर हसरा फोटो, आत जन्मापासूनची हकिगत, कोणती गाणी म्हणायची ती यादी, आणि शेवटच्या ओळीत दफन कुठे ते. घरचे लोक ती बायबलात जपतात आणि एक प्रत 'मेसेंजर'ला देतात. संपादक ब्रॅनम त्या प्रती माझ्या पोटात लावत. पण नावांप्रमाणे नव्हे, चर्चप्रमाणे. इथे माणसाला आडनावाच्या आधी चर्च विचारतात. सर्वांत वर माउंट हेब्रॉन, कारण ते मोठे. त्याखाली दुसरे, मग लहानसहान. आणि ज्यांना चर्चच नव्हते, ते गोदीतले हमाल, दारुडे, रात्रभर वाजवून रविवारी सकाळी घोरणारे वादक, ते सगळे खालच्या खणात.

वरच्या खणाचे कौतुक फार. शाळेच्या बाई मुलांना घेऊन येत, पाहुणे आजोबांचे फोटो बघून डोळे पुसत. खालच्या खणापुढे वाकायची फक्त ओडेसा प्रूइट, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली बाई. ती भावाची पत्रिका काढायची आणि फोटोला दटावायची, "काय रे क्लीटस, अजून झोपलायस? ऊठ, दुपार झाली!"

क्लीटस ट्रंपेट वाजवायचा. नाल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत त्याला पुरले होते. खालच्या खणातले सगळे तिथेच होते. त्यांचे लाकडी क्रूस केव्हाच कुजले. नावे उरली ती माझ्या पोटात.

मग एक मोठे वादळ आले. नाला रस्त्यावर चढला. ब्रॅनम आणि माउंट हेब्रॉन चर्चचे कारभारी, डीकन हॉलिस, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून कचेरीत शिरले.

"आधी माउंट हेब्रॉन काढा!" डीकन ओरडले.

"अहो डीकन, पाणी खालून येतंय."

"म्हणून काय आमच्या पास्टरना दारुड्यांच्या मागे रांगेत उभं करता?"

ब्रॅनम क्षणभर घुटमळले आणि त्यांनी वरचा खण ओढला. जो आधीच माणसाच्या छातीइतका उंच होता, तोच! ते दोघे तीन खण माळ्यावर पोचवून येईपर्यंत चौथा पाण्याखाली गेला होता. पाणी ओसरल्यावर तो गंजून बसला. कुणी ओढून पाहिला नाही.

तीन वर्षांनी नाल्यापलीकडे गोदाम बांधायचे ठरले. शहराच्या कचेरीने विचारले, तिथे थडगी आहेत याला पुरावा काय? पुरावा होता तो पत्रिकांच्या शेवटच्या ओळीत, पण ओडेसाच्या घरची पत्रिका तर बायबलासकट वाहून गेली होती. ओडेसा पहार घेऊन आमच्या कचेरीत आली.

"उघडा, ब्रॅनम."

"मिस ओडेसा, नका बघू." आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झाले असले तरी, मानाने 'मिस'च म्हणतात.

"मला 'नको' म्हणणारे दोन नवरे टिकले नाहीत. उघडा म्हणते ना!"

खण किंचाळत उघडला. आत कागद नव्हते. विटेसारखा वाळलेला एक गठ्ठा होता. तो उशीच्या अभ्र्यात घालून ती सुनावणीला गेली. तिथे काय झाले, ते मी ब्रॅनम बातमी मोठ्याने वाचत टाइप करत होते तेव्हा ऐकले.

"मॅडम, हा चिखल आहे," अधिकारी म्हणाला.

"हो साहेब. यात माझा भाऊ आहे."

पुरावा नाही, असा निकाल लागला. खोदकामाच्या तिसऱ्या दिवशी हाडे निघाली. काम थांबले. एकतीस माणसे निघाली, ती एकतीस पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून खोक्यांवर आकडे घातले.

"यातला तुमचा भाऊ कोणता?" त्यांनी ओडेसाला विचारले. तिने प्रत्येक खोक्यावर हात ठेवला, पण ओळख पटेना, म्हणून कोणतेच खोके तिला देता आले नाही.

त्या आठवड्यात 'मेसेंजर'ने एकतीस आकडे छापले. प्रत्येकापुढे रिकामी ओळ होती. कुणाला नाव आठवत असेल तर भरून पाठवा, असे वर लिहिले होते. त्या अंकाची एकच प्रत भरून परत आली. एकतीसही ओळींवर एकाच हाताने लिहिले होते : क्लीटस प्रूइट.

ब्रॅनमनी तिला बोलावून घेतले. "मिस ओडेसा, असं कसं छापू? चूक आहे हे."

"तीस वेळा चूक आहे," ती म्हणाली, "एकदा बरोबर आहे. छापा."

त्यांनी छापले.

मित्रांनो, माझे वरचे तीन खण अजून कोरडे आहेत. पाहुणे येतात, वाहवा करतात. तुमच्या घरीदारी पाणी शिरले, तर एवढेच करा. आधी वाका. जे तळाशी आहे आणि ज्याला विचारायला कुणी येत नाही, ते आधी उचला.